डीसी टाँग टेस्टर दहा महिने वापरला, गाडीवर पण आणि सोसायटीच्या गोल्फ कार्टवर पण

मार्चमध्ये घेतला होता, आता जानेवारी संपत आला, म्हणजे दहा महिने झाले. एवढ्या दिवसांत पाना-पक्कड सोडली तर माझ्या टूलबॉक्समधून सगळ्यात जास्त वेळा बाहेर आला तो हाच. क्लॅम्प मीटर, म्हणजे आपले वायरमन ज्याला टाँग टेस्टर म्हणतात तो, पण डीसी करंट, म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेने वाहणारा, मोजणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही, या किमतीत चार-पाच जण जवळपास असाच मीटर देतात आणि मला सांगायचंय ते या प्रकारच्या मीटरबद्दल. मला साडेतीन हजारच्या आसपास पडला. घरी स्वतः गाडीचं काम करणाऱ्या माणसाकडे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणाऱ्या स्कॅनरच्याही आधी हा असावा असं माझं पक्कं मत झालंय, आणि का ते जरा सविस्तर लिहितो कारण मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर दोन बॅटऱ्यांचे पैसे वाचले असते.

आधी घेतानाची एक गोष्ट. मी पहिल्यांदा जो आणला तो फक्त एसी, म्हणजे घरातल्या विजेसारखा दिशा बदलणारा करंट, मोजणारा निघाला. दुकानदार म्हणाला गाडीला चालेल, मी विश्वास ठेवला, घरी येऊन बॅटरीच्या केबलला लावला, हेडलाइट चालू केले तरी ०.०० च. साधा टाँग टेस्टर आतून ट्रान्सफॉर्मरसारखा असतो, वायरभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सारखं बदलत राहिलं तरच त्याला काही कळतं, आणि बॅटरीचा करंट एकाच दिशेने वाहतो म्हणून त्याला तो दिसतच नाही. डीसीवाल्याच्या जबड्यात हॉल सेन्सर असतो, तो स्थिर क्षेत्र पण ओळखतो. (एडविन हॉलने हा परिणाम शोधला १८७९ मध्ये, आपली बडोद्याची सयाजीबागही त्याच सालची, त्यामुळे मला ते साल आता कायमचं लक्षात राहिलंय.) तर घेताना रेंजच्या खुणेत अँपिअरच्या ए शेजारी सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ आहे का ते बघा, नुसती नागमोडी रेघ असेल तर घेऊ नका. आणि झीरोचं बटण, म्हणजे मोजायच्या आधी आकडा शून्यावर आणणारं, असलंच पाहिजे.

आता गाडी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आम्ही समा भागात, धोक्याची पातळी २५ फूट आणि पाणी त्याच्या कितीतरी वर, सोसायट्यांत मगरी फिरत होत्या, अशात माझी वॅगनआर दीड दिवस पाण्यात उभी होती. सीटपर्यंत पाणी नाही आलं पण कार्पेट पूर्ण भिजलं. सगळं काढून वाळवलं, ऑइल बदललं, गाडी चालू झाली, बरं वाटलं. दिवाळीनंतर त्रास सुरू झाला. दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सेल्फ घेत नाही, नुसतं टकटक. बॅटरीवाल्याने बघून सांगितलं, बॅटरी गेली, तीन वर्षं झाली होती म्हणून मी पण म्हटलं ठीक आहे. नवीन टाकली. जानेवारीत परत तेच, परत नवीन, त्यात थोडे पैसे वॉरंटीत वळते झाले पण सगळे नाही. फेब्रुवारीअखेर ती पण डाऊन. तेव्हा डोक्यात आलं की बॅटरीत दोष नाही, बॅटरी कोणीतरी पितंय.

मग हा मीटर आला. बॉनेट उघडं ठेवून, दरवाजाचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवलं म्हणजे गाडीला वाटतं दार बंद आहे, किल्ली घरात लांब ठेवली, आणि अर्धा तास काही हात लावला नाही. हा अर्धा तास महत्त्वाचा, गाडीतले मॉड्युल (इलेक्ट्रॉनिक डबे) लगेच झोपत नाहीत, घाईत मोजलं तर खोटा मोठा आकडा येतो. मग मीटर झीरो करून नेगेटिव्हच्या केबलला लावला. ०.३८ अँपिअर. बंद गाडीने ५० मिलिअँपिअरच्या आत राहायला पाहिजे, इथे ३८० होते. हिशोब केला, ०.३८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ९ एएच (अँपिअर-तास), बॅटरी ३५ ची, दोन दिवसांत अर्धी संपली. आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी अशी अर्धी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं, म्हणजे नवीन बॅटरी पण मी स्वतःच्या अंगणात मारत होतो.

करंट कुठे जातोय हे शोधायला सगळे एकेक फ्यूज काढत बसतात. मी पण तेच करणार होतो, पण फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं मॉड्युल जागं होतं आणि परत अर्धा तास थांबा. त्याऐवजी फ्यूज जागेवर ठेवूनच त्याच्या डोक्यावर जे दोन बारीक धातूचे ठिपके दिसतात त्यांना मल्टिमीटरच्या पिना लावायच्या, २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर. फ्यूजमधून करंट जात असेल तर तिथे थोडंसं व्होल्टेज दिसतंच, जात नसेल तर शून्य. सगळीकडे ०.० आणि एका १५ अँपिअरच्या फ्यूजवर १.६. सापडला! त्या लाइनवर बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉकिंग होतं, त्याचा डबा ड्रायव्हरच्या पायाशी किक पॅनलच्या मागे, म्हणजे पुराचं पाणी बरोब्बर तिथे. उघडला तर पिना हिरव्यागार. आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून बघितलं, करंट कमी झाला पण गेला नाही, म्हणून डबाच बदलला, हजाराच्या आत काम झालं. तिसरी बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज केली आणि तीच आजपर्यंत चालू आहे, डिसेंबरात आठ दिवस नाशिकला होतो, आल्यावर पहिल्या सेल्फला सुरू.

पुरात उभी राहिलेली गाडी बडोद्यात अजून खूप जणांकडे आहे, विकत घेतलेल्या पण आहेत ज्यांना माहीत नाही की ती पाण्यात होती. बॅटरी सारखी डाऊन होत असेल तर कृपा करून बॅटरी बदलायच्या आधी हे मोजून घ्या.

अल्टरनेटर आणि सेल्फसाठी पण वापरतो पण त्यात विशेष काही नाही, सेल्फ मारताना शंभर-सव्वाशे दिसतात, गाडी चालू झाल्यावर चार्जिंगचा करंट आधी वर जातो आणि दहा मिनिटांत खाली येतो, टर्मिनलवर १४ च्या आसपास व्होल्ट. एवढं दिसलं की समाधान.

खरी कमाई झाली गोल्फ कार्टवर. आमच्या सोसायटीने ज्येष्ठ मंडळींसाठी एक सेकंडहँड सहा सीटर घेतली, गेटपासून मागचे ब्लॉक लांब आहेत, आणि गणपतीत मूर्ती पण तिच्यावरूनच येते. ४८ व्होल्ट, ८ च्या सहा बॅटऱ्या सीरीजमध्ये. जूनमध्ये ती चढावर रडायला लागली, आधी एका चार्जिंगमध्ये पंधरा-सोळा फेऱ्या व्हायच्या त्या नऊवर आल्या. ज्या एजन्सीला बोलावलं त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि पूर्ण सेट बदलायचं पाऊण लाखाचं कोटेशन दिलं. कमिटीतले एक काका माझ्याकडे आले, "भाई, तमे एक वार जोई लो ने" (तुम्ही एकदा बघून घ्या ना), गाडीचा किस्सा त्यांना माहीत होता.

रात्रभर चार्ज करून, सकाळी तीन-चार तास तशीच ठेवून मग मोजलं. एकूण ५०.६ व्होल्ट, प्रत्येक बॅटरी ८.४२ ते ८.४५. पूर्ण भरलेला असा पॅक ५०.९ च्या जवळ दाखवतो, अर्धा रिकामा झाला की ४८.४. हायड्रोमीटरने (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) सगळे २४ सेल बघितले, १.२६५ ते १.२७० (रीडिंग २७ डिग्रीला धरतात, जूनमध्ये आपल्याकडे अ‍ॅसिडच ३६-३७ वर असतं, म्हणून मी वरून ०.००७ मिळवतो). सेलमध्ये फरक ०.०३० च्या वर गेला तर काळजी, इथे काहीच नव्हतं. म्हणजे बॅटऱ्या ठणठणीत, मग फेऱ्या कमी का?

सीरीज असल्यामुळे सगळ्या बॅटऱ्यांतून करंट एकच, कुठल्याही एका जाड केबलला टाँग टेस्टर लावा. काकांना चालवायला बसवलं आणि मी मागे बसून वाचत होतो. सपाट रस्त्यावर ९२ अँपिअर. चढावर तर २०० च्या पुढे. त्याच वेळी मुलगा एकेक बॅटरीचं व्होल्टेज बघत होता, सहाही सारख्याच उतरत होत्या, एखादी खराब असती तर तीच एकटी खाली बसली असती. मोटार जास्त ओढतेय म्हणजे तिला कोणीतरी मागे खेचतंय असं वाटलं, उतरून मागच्या चाकांना हात लावला तर डावं नॉर्मल आणि उजवा ड्रम चटका बसेल इतका गरम.

आधी टायर बघितले, चारही ९-१० पीएसआयवर, २० केले, करंट ९२ वरून ८१. मग मागची बाजू जॅकने उचलून घोडीवर ठेवली, डावं चाक हाताने फिरवलं तर फिरत राहिलं, उजवं अर्ध्या फेरीत थांबलं. ब्रेकची केबल कव्हरच्या आत गंजून जाम झाली होती, पेडल सोडलं तरी ब्रेकचा शू पूर्ण मागे येत नव्हता, म्हणजे कार्ट दिवसभर ब्रेक लावूनच चालत होती. नवीन केबल, शूवर पॉलिश कागद, ड्रम साफ, अ‍ॅडजस्टमेंट. परत फेरी मारली, त्याच रस्त्यावर, तेच दोघं बसलेले, ५८ अँपिअर! काकांनी आकडा दोनदा वाचून घेतला.

एक गोष्ट अजून सापडली, तिसऱ्या बॅटरीचं थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी. लोडवर असताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पोस्टवर (टर्मिनलच्या खुंटीवर) आणि दुसरी थिंबलवर ठेवली, तिथे शून्याच्या जवळ यायला पाहिजे, आलं ०.४२ व्होल्ट. ९० अँपिअरला म्हणजे ३८ वॅट, जवळपास एका सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता एका नटाखाली. खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, ब्रशने चकचकीत करून परत आवळलं तर ०.०३. हे वेळेवर दिसलं याचा मला मनापासून आनंद आहे, कारण असाच सांधा तापत तापत पोस्ट वितळलेल्या बॅटऱ्या मी बघितल्यात.

केबल, सोडा, हवा मिळून दोन हजारांच्या आत काम झालं, सेट वाचला, फेऱ्या परत सोळा. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून करंट जितका जास्त ओढाल तितकी ती लिहिलेल्या एएचपेक्षा कमी देते, म्हणून करंट ९२ वरून ५८ झाला की नुसता हिशोबापुरता नाही, त्याहून जास्त फायदा होतो.

कार्टवर काम करणाऱ्यांनी एवढं नक्की पाळा: कार्टचा रन/टो स्विच टो वर (कार्ट ओढून न्यायची स्थिती) ठेवा, अंगठी-घड्याळ काढा, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा. ४८ व्होल्टचा शॉक कोरड्या हाताला बहुतेक जाणवणार नाही पण पाना दोन पोस्टवर आडवा पडला तर तो जागेवर लाल होतो. चार्जिंग चालू असताना हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको. आणि पाणी डिस्टिल्डच, तेही चार्जिंग झाल्यावर घाला, फक्त प्लेटा उघड्या दिसत असतील तर आधी त्या जेमतेम बुडतील एवढं. आमच्याकडे आधीचा माणूस चार्जिंगच्या आधीच काठोकाठ भरायचा आणि अ‍ॅसिड बाहेर सांडायचं, त्या थिंबलची अवस्था त्यानेच झाली.

आता मीटरच्या कमतरता, कारण आहेत. लहान करंटला याच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. हॉल सेन्सर तापमानाने आणि जवळच्या लोखंडाने सरकतो, मे महिन्यात उन्हात झीरो केला आणि पाच मिनिटांनी बघितलं तर काही न लावता ०.०४ दाखवत होता. मी आता केबलच्या शेजारीच, त्याच कोनात धरून झीरो करतो आणि लगेच मोजतो. ३८० मिलिअँपिअर पकडायला हे पुरतं, पण दुरुस्तीनंतरचा आकडा मी साधा मल्टिमीटर सीरीजमध्ये लावून घेतला, १८ मिलिअँपिअर आला. (तसं लावलेलं असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो.) दुसरं, पंधरा मिनिटांत आपोआप बंद होतो, अर्धा तास वाट बघायच्या टेस्टमध्ये वैताग, सिलेक्टचं बटण दाबून ठेवून चालू केलं तर हे थांबतं पण माहितीपत्रकात ते बारीक अक्षरात आहे. तिसरं, जबडा जाड, वॅगनआरच्या बॅटरीजवळ केबल घट्ट बांधलेल्या असल्या की टाय कापावा लागतो. बरोबर आलेल्या पिना पाच महिन्यांत सैल झाल्या, वेगळ्या सिलिकॉन वायरच्या घेतल्या, तीनशेच्या आसपास. ९ व्होल्टचा सेल दोनदा बदलला.

नवीन माणसाचा एक घोळ नेहमी होतो: जबड्यात एकच वायर घ्यायची. पॉझिटिव्ह-नेगेटिव्ह दोन्ही एकत्र घेतल्या तर दोघांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि शून्य दिसतं, मुलाने पहिल्या दिवशी हेच केलं आणि आम्ही दोघं वीस मिनिटं फ्यूज शोधत होतो.

कार्टचं आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ठरलेलं आहे, त्याच रस्त्यावर एक फेरी, करंट वहीत, चारही टायरची हवा, दोन्ही मागच्या ड्रमवर हात. जानेवारीचा आकडा ५९. डावी केबल पण तेवढीच जुनी आहे, ती मी मागवून ठेवलीय.