ब्रॉयलर की कडकनाथ? इंदुराजवळच्या प्लॉटवर घरापुरत्या कोंबड्या पाळण्याआधी

राऊ, सिमरोल, बेटमा, खंडवा रोड. गेल्या काही वर्षांत आपल्या इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांनी शहराबाहेर लहानमोठे प्लॉट घेतले. कुंपण झालं, बोअरला पाणी लागलं, दोन आंबे लावले की कुणीतरी म्हणतंच, "इथे चार कोंबड्या पाळू या, घरचं खाऊ." मग मला फोन येतो: ब्रॉयलर आणू की कडकनाथ? ब्रॉयलर म्हणजे झपाट्याने मांस धरण्यासाठी निपजवलेली कोंबडी, कडकनाथ म्हणजे झाबुआकडची काळ्या मांसाची जात.

सिमरोलच्या बाजूला आमच्या प्लॉटवर आम्ही दोन्ही पाळून पाहिल्या आहेत. उत्तर आधीच सांगते. चवीवरून ठरवू नका, कापायचा दिवस कोण ठरवणार यावरून ठरवा. ब्रॉयलरचा दिवस ब्रॉयलर ठरवतो. कडकनाथचा दिवस तुम्ही ठरवता, पण त्या मोकळीकीची किंमत दाण्यात मोजावी लागते.

दिवस आणि दाणा

ब्रॉयलरचं एक दिवसाचं पिल्लू 40 ग्रॅमच्या आसपास असतं आणि सहा आठवड्यांत ते दोन किलोच्या पुढे जातं. आमच्या वहीत एका खेपेची नोंद अशी आहे: 42 व्या दिवशी सरासरी 2 किलो 100 ग्रॅम, एका पक्ष्याने खाल्लेलं खाद्य साधारण पावणेचार किलो, साफ केल्यावर हाती आलेलं दीड किलोला थोडं कमी. प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर असं वयाप्रमाणे बदलणारं तयार खाद्य आणायचं आणि त्यात स्वतःची अक्कल लावायची नाही. घरच्या मक्यावर आणि शिळ्या पोळ्यांवर ब्रॉयलर वाढत नाही, नुसता रोडावतो.

कडकनाथला तेवढंच वजन करता येत नाही. सहा महिन्यांत सव्वा ते दीड किलो झाला तर पुष्कळ. पूर्ण वाढलेला कोंबडाच 1.8 ते 2 किलोचा, कोंबडी 1.2 ते 1.5 किलोची. तेवढ्यासाठी आमच्याकडे प्रत्येकी सहा-सात किलो दाणा गेला आणि शिवाय बाहेरचे किडे, गवत, वाळवी त्यांनी स्वतः शोधून खाल्लं ते वेगळं. मक्याचा भरडा आणि सोयाबीनची पेंड यावर कडकनाथ भागवून घेतो, आणि सोयापेंडेला आपल्या माळव्यात तोटा नाही.

म्हणजे निव्वळ दाण्याच्या हिशेबात ब्रॉयलर सरळ जिंकतो. पण 42 वा दिवस उलटला की काय होतं तेही ऐका. एका खेपेला घरात लग्न निघालं आणि आम्ही कापणी दहा दिवस पुढे ढकलली. 50 व्या दिवसानंतर दोन कोंबडे खाद्याच्या भांड्याशेजारी बसले ते उठेनातच. उचलून पाहिलं तर छातीवरची पिसं गेलेली, कातडी लालबुंद, पाय शरीराचा भार घ्यायला तयार नाहीत. तिसरा भरल्या पोटी तडफडून उताणा पडला आणि गेला. हा पक्षी झपाट्याने मांस धरण्यासाठीच निपजवलेला आहे, त्याचं हृदय आणि हाडं त्या वेगाला पुरी पडत नाहीत. त्याला जास्त दिवस ठेवणं ही दया नव्हे, हाल आहेत. ज्यांना ठरलेल्या तारखेला हजर राहता येणार नाही, त्यांनी ब्रॉयलर आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. वीस ब्रॉयलर एका दिवशी कापले की 28-30 किलो मांस हातात येतं. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ते मावत नाही. कडकनाथ मात्र जिवंतच साठवलेला असतो, पाहुणे आले की एक धरायचा. म्हणून ब्रॉयलर घ्याल तर दहा-बारा घ्या. पिल्लं 100 च्या खोक्याने येतात, तेव्हा कुणा पोल्ट्रीवाल्याच्या लॉटमधून मागून घ्या किंवा ओळखीपाळखीत वाटून घ्या.

ऊन, पाऊस आणि गटारी

इथला एप्रिल-मे ब्रॉयलरसाठी नाहीच. आम्ही ती चूक केली. एप्रिलच्या अखेरीस 25 पक्षी पाच आठवड्यांचे होते, दुपारी लाइट गेली, पंखा बंद पडला. आम्ही शहरात. चार वाजता पोचलो तेव्हा सात मेलेले आणि उरलेले चोच उघडी टाकून, पंख पसरून धापा टाकत होते. त्याच दुपारी कडकनाथ लिंबाखाली मातीत खड्डे करून निवांत पडले होते. आता उन्हाळ्यात ब्रॉयलर असलेच तर खाद्य पहाटे आणि रात्री द्यायचं, दुपारी उचलून ठेवायचं, खिडक्यांना ओलं बारदान. पण मुळात टाळलेलंच बरं.

गटारीसाठी लॉट लावावा, असंही पुष्कळांच्या मनात येतं. हिशेब करून बघा. त्यासाठी पिल्लं जूनमध्ये आणावी लागतात आणि वाढीचे सगळे दिवस पावसात जातात. खाली अंथरलेला तूस ओला राहतो, अमोनियाने डोळे चुरचुरतात, रक्ती हगवण लागते. त्यात आपल्या शेजाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, त्यामुळे आपल्या गटारीच्या सुमारास इंदूरच्या बाजारात कोंबडी बहुधा स्वस्तच असते. पावसात मरमर करून ऐन स्वस्ताईत घरचा लॉट तयार करण्यात अर्थ नाही.

हिवाळ्यात दोन्ही चालतात, फक्त पिल्लांना ऊब हवी. पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. त्यासाठी एलईडी उपयोगाचा नाही, जुना तारेचा पिवळा बल्ब शोधा. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून किलबिलाट करत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. कडेला जाऊन भिंतीला चिकटली असतील तर उकडतं आहे. सगळीकडे विखुरून खात-पीत-झोपत असतील तर बल्ब बरोबर उंचीवर आहे. रात्री दोनला उठून एकदा पाहाच, इथे डिसेंबरात पारा 10 च्या खाली जातो.

पिल्लं आणि रोग

कडकनाथच्या नावाने बाजारात संकर खपतात. खरं पिल्लू निळसर-काळं असतं, पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे. चोच उघडून जीभ बघा, तुरा बघा: काळपट, जांभळट हवेत. आपलं नशीब असं की कडकनाथचं माहेर असलेला झाबुआ आपल्याच विभागात आहे. तिथल्या कृषी विज्ञान केंद्राने या जातीवर वर्षानुवर्षं काम केलं आहे आणि झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पिल्लं तिकडूनच आणावीत. "अंडी आम्ही विकत घेऊ, कोंबड्या आम्ही विकत घेऊ" असं सांगून पिल्लं गळ्यात मारणाऱ्यांपासून लांब राहा. 2019 मध्ये सांगली जिल्ह्यात याच पद्धतीने किती शेतकरी बुडाले ते आपल्या लोकांना माहीत आहे.

त्याच्या औषधी गुणांबद्दल जे बोललं जातं त्यावर मी पैसे लावणार नाही. चरबी कमी असते आणि चव दाट असते, मला तेवढं पुरेसं आहे.

लसीकरण दोघांनाही लागतं. मानमोडीसाठी (राणीखेत रोग) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, 14 व्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, मग लासोटाचा दुसरा डोस. ब्रॉयलरचं तिथे संपतं. कडकनाथ महिनोन् महिने राहणार, म्हणून त्याला आठव्या आठवड्याच्या सुमारास मानमोडीची पुढची लस आणि देवीची लसही द्यावी लागते. अडचण अशी की लसीची कुपी शेकड्यांच्या हिशेबात येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. शेजारच्या प्लॉटवाल्यांशी दिवस जुळवून घ्या. शंका असेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे, मेलेला पक्षी घेऊन गेलात तर कारण कळू शकतं. एकाएकी बरेच पक्षी मेले तर मात्र हात न लावता आधी पशुवैद्यकाला कळवा. 2021 च्या जानेवारीत इंदुरात मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता, ते दिवस विसरायचे नाहीत.

कडकनाथ क्वचितच खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसतो. घरची पैदास करायची तर एखादी गावठी खुडूक कोंबडी ठेवा, तिच्याखाली अंडी ठेवली की 21 दिवसांनी काळी पिल्लं निघतात. ब्रॉयलरची पैदास घरी होत नाही, दर खेपेला पिल्लं विकतच.

कापणी

इथे बरेच जण मागे सरतात आणि पक्षी चिकनवाल्याकडे नेतात. वाईट काही नाही, पण मग स्वतः पाळून उपयोग काय? त्याच्या ओंडक्यावर, त्याच्याच पाण्यात आपली कोंबडी जाते आणि तो कातडी सोलून देतो. ब्रॉयलरला ते चालतं. कडकनाथची कातडी गेली की अर्धी चव गेली.

आम्ही घरीच करतो. माझी आत्या देवासची, तिने हात धरून शिकवलं. आदल्या रात्रीपासून खाद्य बंद, पाणी चालू. आठ ते बारा तास पोट रिकामं असलं की आतडी फुटून मांस खराब होण्याची धास्ती राहत नाही. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं मोठं नरसाळं करून भिंतीला ठोकलं आहे. त्यात पक्षी डोकं खाली करून ठेवला की तो शांत होतो, पंख आपटत नाही. सुरी इतकी धारदार हवी की जोर लावावा लागू नये. जबड्याखाली दोन्ही बाजूंच्या शिरा एका ओढीत. मग दोन-तीन मिनिटं रक्त पूर्ण जाऊ द्यायचं.

पुढचं सगळं पाण्यावर आहे. ब्रॉयलरला 60 अंश, जेमतेम मिनिटभर. हिवाळ्यात निम्मं उकळतं आणि निम्मं नळाचं पाणी मिसळलं की साधारण तिथे पोचतं. शेपटीचं पीस ओढून बघायचं: सहज आलं तर बाहेर काढा. जास्त वेळ राहिला तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. कडकनाथची पिसं घट्ट, त्याला पाणी किंचित जास्त गरम आणि वेळही जास्त. शिवाय बारीक खुंट राहतात, ते काळ्या कातडीवर दिसतही नाहीत, बोट फिरवून शोधावे लागतात. मग जाळावर धरून भाजून घ्यायचा. तो वास आला की आत्या म्हणते, "आता खरी कोंबडी झाली."

पोट उघडताना पित्ताची पिशवी जपायची. काळजाला चिकटलेली ती हिरवी पिशवी फुटली की काळीज कडू. पेटा चिरून आतली पिवळी साल ओढली की अखंड निघते. कडकनाथ पहिल्यांदा उघडाल तेव्हा दचकू नका, आतलं अस्तर, हाडं, सगळंच काळं असतं. खराब नाही, तो तसाच असतो.

साफ झालेली कोंबडी बर्फाच्या पाण्यात गार करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी रांधा. कापल्यावर तास-दोन तासांनी शिजवलेलं मांस चिवट लागतं, मग लोक कोंबडीला नावं ठेवतात. ब्रॉयलर रश्श्यात अर्ध्या तासात होतो. कडकनाथला कुकर नाहीतर मंद चूल आणि दीड तासाचा धीर, मग रस्सा असा उतरतो की वाटण कमी घातलं तरी चालतं.

आतडी आणि पिसं कचरागाडीत टाकायची नाहीत. विहीर-बोअरपासून लांब तीन फूट खड्डा, वर चुना, वर माती, वर दगड, नाहीतर कुत्री रात्रीत उकरतात. शहरातल्या रो-हाउसमध्ये हे काही करू नका. कडकनाथचे कोंबडे चार-पाच महिन्यांचे झाले की पहाटे चारला आरवू लागतात, ब्रॉयलर त्या वयाला पोचतच नाही. आणि शेजाऱ्यांना विकायचा विचार असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती आधी करा.

मधला मार्गही आहे, सुधारित जातींचा: गिरिराज, वनराज किंवा जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने कडकनाथच्या संकरातून काढलेला नर्मदानिधी. तीन-चार महिन्यांत बरं वजन, मोकळं फिरतात, अंडीही देतात. प्लॉटवर राखणदाराचं कुटुंब राहत असेल तर मी हेच सुचवेन.

प्लॉटवर रोज कुणी नसेल तर काहीच आणू नका. मुंगूस आणि रानमांजर एका रात्रीत खुराडं रिकामं करतात. रोज कुणी असेल आणि पहिलीच वेळ असेल तर बारा ब्रॉयलर घ्या, कारण हात बसायला बारा वेळा सुरी धरावी लागते आणि दीड महिन्यात सगळं आटोपतं. दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी पिल्लं आणा. थंडी बेताची असते, मार्गशीर्ष लागायच्या आठवडाभर आधी लॉट तयार होतो, आणि चातुर्मास पाळणाऱ्यांचाही तोवर संपलेला असतो. तेव्हाच झाबुआला दहा कडकनाथांची मागणी नोंदवून ठेवा, ब्रॉयलरचं खुराडं धुऊन, चुना मारून, दोन आठवडे रिकामं ठेवलं की ते यायला हरकत नाही.