सेसना १७२ मधला इंजिन मॉनिटर: आठ महिन्यांनंतर

विमान १९७८ सालचं, १७२ एन. लायकमिंगचं १६० अश्वशक्तीचं चार सिलिंडरी इंजिन. मॉनिटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दोन सेन्सर: एक एक्झॉस्टच्या तापमानाचा (ईजीटी), दुसरा सिलिंडर हेडच्या (सीएचटी). बसवणावळ इथे न्यू जर्सीत जवळपास मॉनिटरच्या किमतीएवढीच झाली. त्यावर जास्त बोलत नाही.

पैसे वसूल झाले ते मार्चमध्ये. साडेसहा हजार फुटांवर इंजिन किंचित थरथरायला लागलं. "अरे, हे असं का वाजतंय?" शेजारून बायको. पूर्वी मेकॅनिकला "जरा खडखडतंय हो" एवढंच सांगता आलं असतं आणि अंदाजपंचे प्लग, वायरी, मॅग्नेटो (प्लगना ठिणगीची वीज पुरवणारं यंत्र) बदलत बसलो असतो. आता दिसलं, तीन नंबरचा ईजीटी ७० अंश फॅरनहाइट वर, सीएचटी मात्र थोडा उतरलेला. म्हणजे त्या सिलिंडरच्या दोन प्लगपैकी एकच पेटतोय. मिश्रण सावकाश जळतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी जळणं संपलेलं नसतं. प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग डाव्या मॅग्नेटोवर चालतो, दुसरा उजव्या. किल्ली फक्त उजव्या मॅग्नेटोवर आणली, तर पडद्यावर तीनच्या ईजीटीची पट्टी धाडकन खाली, बाकीच्या तिन्ही वर. (एकाच प्लगवर त्या वर जायलाच हव्यात.) लगेच किल्ली परत दोन्हींवर.

उतरून तीनचा खालचा प्लग काढला. आत शिशाचे मणी, मोहरीएवढे. १००एलएल या विमानाच्या शिसंयुक्त पेट्रोलची कृपा. टोच्याने उकरून काढले, गॅप तपासला, लॉगबुकात नोंद केली. एवढं काम मालक-वैमानिकाला इथे स्वतः करता येतं. तेव्हापासून टॅक्सी करतानाही (जमिनीवर विमान चालवताना) मिक्स्चर चांगलं लीन, म्हणजे कमी पेट्रोलचं ठेवतो, शिसं कमी साचावं म्हणून.

आता तक्रार. जानेवारीत चार नंबरचा सीएचटी ३६० वरून दोन सेकंदांत ५१०! मर्यादा ५०० ची. अलार्म लागला, घशाला कोरड पडली. मग डोकं चाललं: एवढा धातू दोन सेकंदांत १५० अंश तापेल कसा? कनेक्टर ढिला निघाला. कंपनीचं उत्तर यायला तीन आठवडे लागले.

पहिला महिना तर मी बाहेर कमी, पडद्यावरच जास्त बघत होतो. हडसन नदी कधी मागे पडली कळलंही नाही. ही सवय वाईट, मोडायला वेळ लागला.

आणि माझ्या या इंजिनाचं (मॉडेल एच२एडी) जुनं दुखणं म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम आणि टॅपेटची झीज. ती वेळेत कळायला मॉनिटर कामाचा नाही. त्यासाठी दर तेलबदलाला तेलाचा फिल्टर कापून, कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरतो, धातूचे कण चमकतात का बघायला. परवाच्या फिल्टरमध्ये काही चमकलं नाही.