सबाह (बोर्निओ) स्टडी टूर: पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे नाही

आमच्या झूलॉजी डिपार्टमेंटची ह्या वर्षीची स्टडी टूर मलेशियात होती, सबाह राज्यात, म्हणजे बोर्निओ बेटावर. परत आल्यापासून ज्युनिअर्स आणि त्यांचे आईबाबा एकच विचारतायत की सव्वा लाखाच्या आसपास खर्च येतो तर पाठवावं का, म्हणून एकदाच सगळं लिहिते. जंगल, नदी आणि तिथल्या माणसांना पैकीच्या पैकी मार्क, मुंबईतल्या टूरवाल्यांना मात्र काठावर पास पण नाही.

आधी सेपिलोक, सांडाकानजवळचं ओरांगउटान सेंटर, १९६४ पासून चालू आहे. आई मारली गेलेली किंवा कोणीतरी घरात पाळलेली पिल्लं इथे आणतात आणि त्यांना पुन्हा जंगलात राहायला तयार करतात. सकाळी १० आणि दुपारी ३ ला प्लॅटफॉर्मवर खाणं ठेवतात आणि ते मुद्दाम रोज जवळपास तेच तेच असतं, म्हणजे कंटाळून त्यांनी स्वतः फळं शोधायला लागावं. आमच्या वेळी जेमतेम दोघंच आली आणि ग्रुपमधल्या काहींचा मूड गेला, पण मॅडम म्हणाल्या, अरे नाही आली म्हणजे आत जंगलात पोटभर मिळतंय, हेच तर पाहिजे ना! मला ते फार पटलं. नंतर नर्सरीत काचेपलीकडे एक छोटं पिल्लू दोरीला लटकलेलं, तीन हातापायांनी घट्ट धरलेलं आणि चौथा पुढे टाकायची हिंमतच होत नव्हती, तेवढ्यात मागून दुसरं आलं ते सरळ ह्याच्या अंगावरून पुढे निघून गेलं, आणि हे बराच वेळ तिथेच. ह्यांच्या मादीला साधारण सात-आठ वर्षांतून एकदा पिल्लू होतं हे आम्ही जर्नलमध्ये लिहिलेलंच होतं, पण त्या काचेसमोर उभं राहिल्यावर एक पिल्लू जगणं म्हणजे काय ते कळतं. शेजारीच सन बेअरचं सेंटर आहे, जगातलं सगळ्यात लहान अस्वल, प्रत्येकाच्या छातीवरचा पिवळट पट्टा वेगळा, तेही चुकवू नका.

पण टूरचा खरा जीव म्हणजे किनाबातांगन नदी. ५६० किलोमीटरची, सबाहमधली सगळ्यात लांब नदी. बातू पुतेह गावात लोकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, कोपेल नावाची, होमस्टे, बोटी, गाईड सगळं गावकरीच बघतात आणि पैसा गावात राहतो. सकाळी धुक्यात बोट निघाली की आधी धनेशाच्या पंखांचा घरघर आवाज येतो आणि मग पक्षी दिसतो. बोर्निओत धनेशाच्या ८ जाती आहेत आणि आठही ह्या नदीकाठी सापडतात. संध्याकाळी लांब नाकाची प्रोबोसिस माकडं पाण्यावरच्या झाडांवर झोपायला येतात, ही फक्त बोर्निओतच आहेत, नराचं नाक आणि ढेरी बघून सगळे आधी हसले आणि मग त्याने भल्या उंचावरून खालच्या फांदीवर उडी टाकली तेव्हा सगळे चिडीचूप.

आणि हे पण सांगायलाच हवं की काठाने दाट दिसणारं ते जंगल बऱ्याच ठिकाणी नुसती पट्टी आहे, मागे लगेच पामच्या बागा सुरू. म्हणून तर प्राणी इतके सहज दिसतात, त्यांना जायला दुसरी जागाच नाहीये. ओरांगउटानला पोहता येत नाही, त्यामुळे नदीच्या छोट्या फाट्यांवर दोरांचे पूल बांधलेत, ह्या झाडावरून त्या झाडावर जायला. आम्ही गावकऱ्यांबरोबर तुटलेल्या पट्ट्यात रोपं लावली, जळवांसाठी लांब मोजे घालून (पावसाळ्यात सह्याद्रीत फिरलेल्यांना जळवांचं काय ते नवल नाही), आणि तुंगोग तलावावर गेलो. तिथे साल्व्हिनिया नावाची तरंगती वनस्पती पूर्ण पाणी झाकून टाकायची, ती ह्या लोकांनी हाताने काढून तलाव मोकळा केला. पवईला जलपर्णीचं काय होतं ते आपण बघतोच, म्हणून हे बघताना पोटात कालवलं.

होमस्टेच्या काकूंना आमच्यातल्या दोघी शुद्ध शाकाहारी आहेत हे कोणी कळवलंच नव्हतं. तरी त्यांनी काही न बोलता कोळंबीची पेस्ट न घालता नुसत्या लसणावर कांगकुंग परतून दिलं, म्हणजे आपली नाळीची भाजी, आणि पुढे रोज दोघींचं ताट वेगळं आठवणीने वाढलं.

गोमांतोंगच्या गुहा धावत्या झाल्या. पाकोळ्यांची घरटी (ती खातात) काढायला वेताच्या शिड्या छतापर्यंत, खाली वटवाघळांची विष्ठा आणि झुरळांचा थर, वासाने नको होतं पण परिसंस्था शिकायला ह्याच्यापेक्षा चांगला वर्ग नाही.

बसच्या प्रवासात तासन् तास दोन्ही बाजूला पामच. भारत हा पामतेलाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार आहे. फरसाणच्या पाकिटावर बघा, किंवा २०२२ च्या दिवाळीत रेशनवर आनंदाचा शिधा आला त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेलच होतं. म्हणजे हे जंगल आपल्या कढईशी जोडलेलंच आहे. ह्यावर बसमध्ये भांडण झालं, बहिष्कार टाका म्हणणारे एकीकडे, तेव्हा सरांनी सांगितलं की एका हेक्टरमधून पाम सोयाबीनपेक्षा कितीतरी पट तेल देतं, दुसरं तेल घेतलं तर त्याला जमीन अजूनच लागेल, प्रश्न कुठली जमीन आणि कुणाची देखरेख हा आहे. मला वाटतं टूरमधला सगळ्यात महत्त्वाचा तास तोच.

आता टूरवाले. छापील कार्यक्रमात टर्टल आयलंडवर एक रात्र होती, हिरवी कासवं अंडी घालताना बघायची, आमच्यातले कितीतरी जण फक्त त्यासाठी आलेले. तिथल्या सेलिंगान बेटावर राहायच्या जागा मोजक्याच असतात, बुकिंग खूप आधी लागतं, आणि ह्यांनी ते केलंच नव्हतं हे आम्हाला सांडाकानला पोचल्यावर कळलं. बदल्यात मॉल! पैसे परत मागितले तर अजून "बघतो, करतो" चालू आहे. आमच्या पोरांनी क्लासेस घेऊन, आईबाबांनी एफडी मोडून पैसे भरलेत, त्यामुळे ह्याचा राग येतो तो येतोच.

जाणाऱ्यांनी बेटाच्या बुकिंगचा कागद पैसे भरायच्या आधी हातात घ्या, जेवणाचं होमस्टेला थेट कळवायला लावा. आपल्याला सध्या ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण डिजिटल अरायव्हल कार्ड (ऑनलाइन फॉर्म) तिथे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि क्वालालंपूरहून सबाहला उतरल्यावर पासपोर्ट परत दाखवावा लागतो, तो बॅगेत तळाशी टाकू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडे जोरदार पाऊस असतो, नदीला पूर येतो, त्यामुळे डिपार्टमेंटने मे महिनाच धरावा. आणि दिवस कमी पडत असतील तर कोटा किनाबालूचं शॉपिंग काढा, नदीवरचा मुक्काम कापू देऊ नका.