किनोआचं पाकीट: आधी धुवा, मग बोला

किनोआ म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं बारीक दाण्याचं धान्य; त्याचं अर्धा किलोचं हे पाकीट आणून ३ आठवडे झाले. पहिल्या दिवशी वरीच्या तांदळासारखा एकदाच विसळून शिजवला, तर इतका कडू लागला की सगळ्यांनी ताटं बाजूला सारली. दाण्यावर सॅपोनिन या कडू द्रव्याचा थर असतो, पाण्यात तो साबणासारखा फेसाळतो. पाकिटावर ‘धुतलेला’ असं छापलंय, त्यावर विसंबू नका. बारीक जाळीच्या गाळणीत घेऊन नळाखाली हाताने चोळा, फेस थांबेपर्यंत. मोठ्या भोकांच्या चाळणीतून दाणे निसटतात.

मग निथळून कोरड्या कढईत खमंग वास सुटेपर्यंत परता. खरी चव इथे येते. १ वाटीला पावणेदोन वाट्या उकळतं पाणी, मीठ, झाकण, मंद आच, १५ मिनिटं. दाण्याला पांढरी शेपटी सुटली की गॅस बंद, आणि आणखी १० मिनिटं झाकण उघडायचं नाही. कुकरमध्ये माझ्या किनोआचा गोळा झाला होता.

आता तुपात जिरं, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट घालून साबुदाण्याच्या खिचडीसारखा करते, वरून लिंबू. सासूबाई दुसऱ्यांदा मागून घेतात.

दाणा एकसारखा, खडा एकही नाही. पुन्हा हेच पाकीट आणणार, पण ती ‘धुतलेला’ची ओळ कंपनीने काढावी.