तांब्याच्या भांड्यांसाठी घडीचा लाइट बॉक्स: चार महिन्यांच्या वापरानंतर

पुण्याच्या तांबट आळीत घडवलेली मठारकामाची, म्हणजे अंगावर हातोडीचे ठोके उमटवलेली, भांडी आम्ही घरून ऑनलाइन विकतो. त्यांची छायाचित्रे रंगीत पार्श्वभूमीवर काढता यावीत, म्हणून 40 सेंटिमीटरचा घडीचा लाइट बॉक्स, म्हणजे वस्तू आत ठेवून छायाचित्र काढायची दिव्यांची पेटी, 1,250 रुपयांना घेतला. त्यासोबत दोन एलईडी पट्ट्या आणि पीव्हीसीचे सहा रंगीत पडदे मिळाले.

बॉक्सबद्दल माझी तक्रार नाही. पांढऱ्या भिंतींमुळे आतला उजेड सारखा पसरतो आणि दोन मिनिटांत मांडणी होते. पडद्यांनी मात्र निराशा केली. ते इतके तुळतुळीत आहेत की दिव्यांचे ठिपके त्यांत जसेच्या तसे उमटतात, आणि घडीच्या रेषा काही केल्या जात नाहीत. शेवटी स्टेशनरीच्या दुकानातून बिनचकाकीचे कार्डशीट आणले आणि ते मागच्या भिंतीवरून तळापर्यंत, दुमड न पाडता, गोलाईने सोडले. तांब्याची झाक नारिंगी-तांबूस असल्यामुळे गडद निळ्या आणि बाटलीहिरव्या कागदावर भांडे उठून दिसते. पिवळ्यावर ते चक्क मळकट वाटले.

खरी परीक्षा चकाकीची आहे. हातोडीचा प्रत्येक ठोका म्हणजे एक छोटा आरसाच असतो, त्यामुळे उघड्या एलईडीखाली लोटीच्या अंगावर शेकडो पांढरे ठिपके चमकतात आणि कारागिराची मेहनत त्यांत हरवते. पट्ट्यांखाली ट्रेसिंग पेपर ताणून लावला तेव्हा तेच ठोके मऊ, खोलगट दिसू लागले. रंगीत कागदाचे प्रतिबिंबही भांड्यावर चढते. त्यासाठी भांडे मागच्या कागदापासून वीतभर पुढे ठेवावे आणि दोन्ही बाजूंना थर्माकोलचे पांढरे तुकडे उभे करावेत.

संपादनासाठी मी मोबाइलवरचे मोफत स्नॅपसीड वापरते. चौकटीत निळा रंग जास्त असला की कॅमेरा स्वतःहून पिवळेपणा वाढवतो आणि तांबे पितळेसारखे दिसू लागते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही फसवणूकच ठरते. म्हणून प्रत्येक मांडणीत, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवण्याची सेटिंग) कायम ठेवून, पहिले छायाचित्र पांढरा कागद ठेवून काढते, त्यावरून रंग दुरुस्त करते आणि तीच दुरुस्ती पुढच्या सगळ्या छायाचित्रांना लावते. पार्श्वभूमीचा रंग संपादनात बदलण्याच्या मोहात मात्र पडू नये, कारण हिरव्या कागदावर काढलेल्या लोटीच्या मागे निळा रंग भरला, तरी तिच्या पोटातली हिरवी झाक तशीच राहते आणि चित्र खोटे वाटते. रंग हवा असेल, तर तो कागदावरच असावा.

अ‍ॅमेझॉनवर विक्री करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की तिथे मुख्य छायाचित्राला शुद्ध पांढरीच पार्श्वभूमी लागते. रंगीत छायाचित्रे त्यानंतरच्या जागी लावता येतात.

लोटी, फुलपात्र, वाट्या यांच्यासाठी हा बॉक्स जरूर घ्यावा, पण पडद्यांच्या संख्येकडे पाहून जास्त पैसे मोजू नयेत. हंडा किंवा बंब त्यात मावतच नाही. त्यांच्यासाठी मी उत्तरेकडच्या खिडकीजवळ टेबल ओढते, दोन कार्डशीट मागून जोडते आणि सकाळी दहाच्या उजेडात काम उरकते.