फरसाणवाल्याकडून घेणं बंद करायचं का? गुपचूप, जाहीर की तक्रार, तिन्हींचा हिशोब

आमच्या भागातल्या एका फरसाणवाल्याबद्दल सध्या जिकडेतिकडे तेच चाललंय. काउंटरवरच्या एका मुलीला मालक त्रास द्यायचा, तिनं काम सोडलं तर शेवटच्या महिन्याचा पगारही अडकवून ठेवला. सोसायटीत सरळ दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते आता त्या दुकानाची पायरी चढायची नाही, दुसरी म्हणते माल चांगला आहे ना मग बाकीचं आपल्याला काय करायचंय. मला हे दुसरं अजिबात पटत नाही, कारण हा काही त्याचा घरगुती मामला नाही, तो पगार देणारा आहे म्हणूनच तिला त्रास देऊ शकला आणि त्याचा गल्ला आपण भरतो. मालकाची भावकीतली भांडणं किंवा तो कुठल्या पक्षाचा आहे यासाठी मी दुकान सोडणार नाही, पण हे वेगळं आहे.

तर घ्यायचं नाही हे ठरलं, पण कसं?

गुपचूप बंद करणं सगळ्यात सोपं, कुणाशी वाद नाही आणि कायद्याची भीती नाही. अडचण एवढीच की त्याला काही कळतच नाही, त्याला वाटणार नाक्यावर नवीन दुकान झालं म्हणून गिऱ्हाईक तुटलं. म्हणून बंद करायचं तर सांगून करा. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी केलं तसं. बाकरवडी तोलून झाली होती, तो पुडा बांधत होता, काकूंनी विचारलं ती मुलगी दिसत नाही हल्ली, तो म्हणाला गेली सोडून, आजकालच्या पोरींना काम नको असतं. काकू म्हणाल्या, "मग तिचा पगार दिलात का?" तो गप्प. काकूंनी पुडा तिथेच ठेवला आणि पगार दिल्यावर येईन म्हणून निघून आल्या, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दोघीपण काही न घेता परत गेल्या.

तरी पण खरं बोलायचं तर आपल्या पाव किलो शेवेनं त्याचं फार काही बिघडत नाही. अशा दुकानांचा मोठा पैसा दिवाळीच्या ऑर्डरीत असतो, ऑफिसांचे गिफ्ट बॉक्स, सोसायट्यांचा एकत्र फराळ, मंगल कार्यालयं, केटरर. तुमच्या ऑफिसात ही ऑर्डर कोण ठरवतं ते बघा आणि ठरायच्या आधी त्यांच्याशी बोला, पन्नास घरांनी शेव बंद करण्यापेक्षा ती एक ऑर्डर हलली तर त्याला जास्त लागेल.

जाहीर बहिष्काराचा जोर जास्त असतो यात वाद नाही, पण त्याचे चटके भलत्याच माणसांना बसतात. धंदा पडला की मालक आधी स्वतःचा खर्च कमी करत नाही, पॅकिंगच्या बायका आणि भट्टीवरचे कारागीर कमी करतो. आणि हेच लोक तर साक्षीदार आहेत, ते गावाला निघून गेले की त्या मुलीच्या बाजूनं बोलणार कोण?

दुसरं म्हणजे कायदा. तिनं तक्रार केली असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्यात तिचं नाव, पत्ता, तक्रारीतला मजकूर, एवढंच काय समोरच्याचं नावसुद्धा जाहीर करायला मनाई आहे, त्यामुळे दुकानाच्या बोर्डाचा फोटो टाकून पूर्ण स्टोरी लिहिणारे तिचंच नुकसान करतात. मालकानं बदनामीची केस टाकली तर खरं होतं आणि लोकांच्या भल्यासाठी लिहिलं हे तुम्हाला कोर्टात दाखवावं लागेल, ऐकीव गोष्टीवर ते जमत नाही.

आणि हे ग्रुपवर कुठल्या वळणावर जातं तेही बघतोय आपण. दोनच दिवसांत कुणीतरी लिहिलं की "यांच्या लोकांकडून" काहीच घेऊ नका. ते मेसेज तिथल्या तिथे थांबवा, एका माणसाच्या कर्माची शिक्षा त्याच्या अख्ख्या जातीला किंवा धर्माला देणं हा सरळ अन्याय आहे. त्याच्याच समाजातले काही जण त्याच्या घरच्यांना कार्याला बोलवू नका म्हणायला लागलेत, ते तर अजून वाईट. आपल्याकडे वाळीत टाकण्याचं हत्यार बहुतेक वेळा गावकीनं आणि जातपंचायतीनं दुबळ्यांवरच चालवलंय, म्हणून तर 2017 पासून महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा लागू आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. फरसाण न घेणं त्यात येत नाही, पण त्याच्या बायकापोरांशी समाजानं संबंध तोडायचे असं फर्मान निघालं तर ते सरळ त्याच दिशेनं जातं.

राहिली तक्रार. वेळखाऊ आहे, कंटाळवाणी आहे, पण त्या मुलीच्या हातात काही पडायचं तर बहुतेक इथूनच पडेल. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तेव्हा, छळाच्या तक्रारीसाठी याच 2013 च्या कायद्याखालच्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारलं की पत्ता कळतो आणि शी-बॉक्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरून ऑनलाइनही करता येते. मुदत मात्र शेवटच्या प्रसंगापासून 3 महिने, कारण योग्य वाटलं तर समिती अजून 3 महिने वाढवून देते. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. पोलिसांकडे जायचा रस्ता वेगळा, तोही तिला खुला आहे. थकलेल्या पगारासाठी कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज करायचा, त्यासाठी हजेरीचे फोटो, बँकेत आधी जमा झालेले पगार, व्हॉट्सॲपवरचे ड्युटीचे मेसेज हे सगळं आत्ताच जपून ठेवायला सांगा.

माझं मत विचाराल तर आधी तिला विचारा. तिला पगार हवाय, त्याच्यावर केस हवीय की फक्त हा विषय संपायला हवाय, हे तिनं ठरवायचं, आपण नाही. सोबत जायला आणि अर्ज लिहायला माणूस द्या, स्वतःची खरेदी सांगून बंद करा, मोठी ऑर्डर दुसरीकडे वळवा, आणि जाहीर पोस्ट अगदी शेवटी, तिनं हो म्हटलं तरच, तीही फक्त थकलेल्या पगारापुरती.

परत कधी जायचं हेही आत्ताच ठरवून टाका, नाहीतर गणपतीत मोदक घ्यायला सगळे तिथेच दिसतील. दुकानात नवीन सीसीटीव्ही लावले किंवा मंडळाला मोठी वर्गणी दिली हे माझ्या लेखी काहीच नाही. पगार तिच्या खात्यात आला पाहिजे आणि तिनं तक्रार केली असेल तर समितीचा निकाल त्यानं पाळला पाहिजे, तोपर्यंत मी तरी तिथून काही घेणार नाहीये.