खाऱ्या हवेत कोणता जुना कॉम्प्युटर टिकेल? पीडीपी-८/ई, पीडीपी-११/३४, मायक्रोव्हॅक्स २ आणि मेनफ्रेम

श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही राहून १९७०-८० च्या दशकातला मिनिकॉम्प्युटर (कपाटात किंवा पेटीत मावणारा कॉम्प्युटर) घरी आणायचा बेत असेल, तर परदेशी हौशी मंडळींचे सल्ले जसेच्या तसे इथे लागू पडत नाहीत. त्यांच्याकडे यंत्र कोरड्या तळघरात वीस वर्षे पडून राहिले तरी पुन्हा उठून बसते. आपल्याकडे तेच यंत्र पडवीत एक पावसाळा काढले, तर चिप्सचे पाय काळे पडतात आणि कनेक्टरवर हिरवट थर चढतो. म्हणून खालची तुलना वेगाची किंवा किमतीची नाही. दमट हवा, मीठ आणि जाणारी-येणारी वीज यांत कोण तग धरेल आणि बिघडले तर घरी कोणते दुरुस्त होईल, एवढ्याच कसोटीवर ती केली आहे.

आमचे मत आधीच सांगतो. पहिलेच यंत्र असेल तर मायक्रोव्हॅक्स २ घ्या. कॉम्प्युटर आतून कसा विचार करतो हे समजून घ्यायचे असेल आणि हाती पैसा असेल, तर पीडीपी-८/ई. पीडीपी-११/३४ ला खोली तयार झाल्याशिवाय हात लावू नका. मेनफ्रेम (खोलीभर पसरणारा मोठा कॉम्प्युटर) मात्र घरी आणू नका. तिची कागदपत्रे, टेप आणि कार्डे आणा.

यंत्राआधी खोली

आठ बाय दहा फुटांची, एकच दार असलेली खोली पुरते. जांभ्याची भिंत ओल ओढते, त्यामुळे आतून प्लास्टर आणि रंग हवाच. वर कौले असतील तर खाली बंद छत करा. यंत्र भिंतीपासून अर्धा फूट लांब आणि जमिनीपासून एक फूट उंच, लोखंडी स्टँडवर ठेवा. लाकडी फळी टाकलीत तर वाळवीला वाट मिळते.

दिवसाला १० ते १२ लिटर पाणी ओढणारा कॉम्प्रेसरचा डीह्युमिडिफायर घ्या. घेताना दोन गोष्टी दुकानातच तपासा. पाण्याची नळी थेट बाहेर काढता येते ना? नाहीतर टाकी भरली की तो रात्री बंद पडतो. आणि वीज जाऊन आली की तो आपोआप सुरू होतो ना? आपल्याकडे ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायची.

वीज आठवडाभर गेली तर काय, हेही ठरवून ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात अनेक गावांना त्याहून जास्त दिवस वीज नव्हती. त्यासाठी घट्ट झाकणाचे ५० लिटरचे प्लास्टिकचे डबे आणि प्रत्येकी अर्धा किलो सिलिका जेल तयार ठेवा. सुटे बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून या डब्यांत जातात. निळे जेल गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा.

अर्थिंग नवे करून घ्या. जांभ्याची जमीन मे महिन्यात ठणठणीत कोरडी होते आणि जुन्या खड्ड्याचा उपयोग राहत नाही. लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर यंत्र लावू नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लगबरोबर टर्मिनलची सीरियल केबलही काढा. कित्येक बोर्ड त्याच वाटेने जळतात.

पीडीपी-८/ई: हाताने वाचता येणारे यंत्र

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या कंपनीचे १९७० चे हे १२ बिटांचे यंत्र. मूळ सूचना फक्त आठ. सगळे टीटीएल म्हणजे साध्या लॉजिक चिप्सवर उभे आहे, त्यामुळे एखादी चिप गेली तर दुसरी बसवता येते. त्या काळच्या बहुतेक चिप्सना पर्याय आजही मिळतो.

याची खरी किंमत समोरच्या पॅनलवर कळते. खटक्यांवर ०००० लावून ॲड्रेस लोड दाबा. मग २०२०, ५०००, ७००१, ५००० हे चार आकडे एकामागून एक लावा आणि प्रत्येकाला डिपॉझिटचा खटका वर उचला. पुन्हा ०००० लोड करा, क्लिअर दाबा, कंटिन्यू दाबा आणि गोल स्विच एसीवर (ॲक्युम्युलेटर, म्हणजे चालू बेरीज ठेवणारी जागा) फिरवा. पहिली सूचना २० क्रमांकाच्या जागेतला आकडा एकाने वाढवते. तो ४०९६ वेळा वाढून शून्य झाला की ॲक्युम्युलेटरमध्ये एक मिळवला जातो. उजवीकडचे दिवे लुकलुकत राहतात आणि सर्वांत डावीकडचा साधारण अर्ध्या मिनिटाने लागतो, तितक्याच वेळाने विझतो. एवढे झाले तर सीपीयूचा मोठा भाग आणि मेमरीच्या काही जागा तरी जिवंत आहेत, हे डिस्क किंवा टर्मिनल न जोडता कळते.

बिघाड दोन ठिकाणी जास्त. सीपीयूच्या बोर्डांना वरून जोडणारे काळे एच८५१ कनेक्टर खाऱ्या हवेत संपर्क सोडतात. काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवले की निम्मी यंत्रे बोलू लागतात. दुसरी जागा कोअर मेमरी, म्हणजे बारीक चुंबकीय कड्यांची मेमरी. ४०९६ शब्दांची मेमरी तीन बोर्डांची असते: जी१०४, एच२२० आणि जी२२७. यातल्या एच२२० मध्ये ४९,१५२ कडी केसासारख्या तारांत ओवलेली आहेत. तिथे तार गंजून तुटली तर घरी दुरुस्ती नाही. नवे सेमीकंडक्टर मेमरी बोर्ड लावून यंत्र चालवता येते, पण मूळ जीव गेला तो गेलाच. एच२२० कधीही धुवू नका.

भारतात हे यंत्र सापडणे दुर्मीळ. बाहेरून मागवायचे तर जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत, म्हणून पैसे भरण्याआधी कस्टम एजंटशी बोला.

पीडीपी-११/३४: सर्वांत रसरशीत, सर्वांत खादाड

डेकचेच १९७६ चे हे १६ बिटांचे यंत्र, युनिबसवर (सगळे बोर्ड जोडणारा सामाईक मार्ग) चालणारे. मेमरी कमाल २५६ केबी. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सहावी आवृत्ती यावर चालते, आणि डिस्कची तबकडी फिरू लागल्याचा आवाज ऐकत ती सुरू होताना पाहणे हा वेगळाच आनंद आहे. पण वेळही सर्वांत जास्त इथेच जातो.

सुरुवात पॉवर सप्लायपासून, सगळे बोर्ड बाहेर काढून. मोठे कॅन कपॅसिटर सुटे करा आणि हळूहळू व्होल्टेज वाढवत पुन्हा कामाला लावा. एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून छापील व्होल्टेजच्या दहाव्या भागाने सुरुवात करा, करंट एक-दोन मिलिअँपिअरच्या खाली येईपर्यंत थांबा, मगच पुढची पायरी. एका कपॅसिटरला पूर्ण दिवस लागला तर लागू द्या. करंट उतरतच नसेल तर तो बदला.

मग एच७४४ रेग्युलेटर. हा पाच व्होल्टला २५ अँपिअरपर्यंत देतो. त्याला थेट बोर्ड जोडू नका. मोटारीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट, ५५ वॅटचे बल्ब जोडा. पाच व्होल्टवर एक बल्ब सुमारे तीन अँपिअर घेतो. बल्ब एकेक करून वाढवा. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी जास्त करंट ओढते, सहा एकदम लावले तर रेग्युलेटर संरक्षणात जातो आणि चांगला असूनही मेल्यासारखा वाटतो. पास ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर आतले क्रोबार (जास्त व्होल्टेज रोखणारे संरक्षण) आउटपुट खाली ओढते आणि फ्यूज उडतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड फ्यूज घालणे म्हणजे शंभर-दीडशे चिप्स एका क्षणात जाळणे.

ऊर्जा ठीक असूनही यंत्र गप्प असेल तर बॅकप्लेन, म्हणजे बोर्ड बसतात ती खाचांची पाटी, पाहा. युनिबसमध्ये ग्रँटचा (बस वापरण्याच्या परवानगीचा) सिग्नल एका खाचेतून दुसऱ्या खाचेत साखळीने जातो. मोकळ्या खाचेत जी७२७ कार्ड नसेल तर साखळी तुटते. सीपीयू अडकून राहतो किंवा डिस्कचे इंटरप्ट (सीपीयूला दिलेले इशारे) पोहोचतच नाहीत. आरएल११ सारखा डीएमए करणारा, म्हणजे थेट मेमरीशी बोलणारा, बोर्ड काढला असेल, तर त्या खाचेच्या मागची सीए१-सीबी१ ही वायर परत जोडावी लागते किंवा तिथे जी७२७३ लावावे लागते. भंगारातून आलेल्या यंत्रात मधले बोर्ड कोणीतरी काढलेलेच असतात, त्यामुळे हा दोष हमखास भेटतो. सगळे जुळले की यंत्र सुरू करून देणारा एम९३१२ बोर्ड टर्मिनलवर चार ऑक्टल (आठच्या पद्धतीतले) आकडे आणि @ दाखवतो.

सोबतचा आरएल०२ ड्राइव्ह १०.४ एमबीचा, आणि त्याला स्वच्छ हवा लागते. जुना फोम भुकटी होऊन हेडखाली गेला तर तबकडी खरवडली जाते. आधी सगळा फोम खरवडून काढा, फिल्टर तपासा, मगच कार्ट्रिज घाला. आरके०५ डिस्क किंवा आठ इंची आरएक्स०१ फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला, तर पुली आणि पट्टा ५० हर्ट्झचा आहे ना ते पाहा. अमेरिकेतून आलेला ६० हर्ट्झचा संच इथे हळू फिरतो आणि वाचत नाही. या एसी मोटारी चौकोनी वेव्हच्या घरगुती इन्व्हर्टरवर चालवू नका.

मायक्रोव्हॅक्स २: कोकणातल्या घरासाठी आमची निवड

डेकच्या व्हॅक्स मालिकेतले १९८५ चे ३२ बिटांचे यंत्र. बीए२३ पेटी टेबलाच्या बाजूला उभी राहते, पॉवर सप्लाय २३० वॅटचा, म्हणजे घरातल्या साध्या वायरिंगवर चालते. सर्वांत मोठा फायदा असा की या मालिकेतली यंत्रे आपल्याकडे खरोखर नांदली आहेत. तेव्हाच्या सरकारी सीएमसी कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यात दिल्लीत उभी केलेली रेल्वे आरक्षणाची प्रणाली व्हॅक्सवरच होती. बँका, कारखाने, संशोधन संस्था यांतून बाहेर पडलेले सुटे भाग मुंबई-पुण्याच्या बाजारात अधूनमधून दिसतात.

हाती आल्या आल्या मागचे कन्सोल पॅनल उघडा. तिथे घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची बॅटरी असते आणि ती बहुधा गळलेली असते. गळालेला क्षार वायरच्या आवरणाखालून चढत जातो, म्हणून वायरही कापून टाका. जागा पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग डिस्टिल्ड पाण्याने.

दुसरे दुखणे आरडी५३ ही ७१ एमबीची हार्ड डिस्क. हेडच्या दांड्यामागचा रबरी थांबा विरघळून चिकट होतो आणि हेड तिथेच अडकते. तबकडी फिरते, पण ड्राइव्ह तयार होत नाही. आत डेटा मोलाचा नसेल तर ती उघडण्याच्या नादी न लागता आरक्यूडीएक्स३ कंट्रोलरला एमएफएम एम्युलेटर (जुन्या डिस्कची जागा घेणारा) बोर्ड जोडा. मूळ ड्राइव्ह नोंद करून डब्यात ठेवा.

बोर्ड लावताना एक चूक सगळे करतात. बीए२३ मध्ये आठ खाचा. पहिल्या तीन सीपीयू आणि मेमरीच्या. चौथीपासून पुढे बस नागमोडी जाते, डावीकडून उजवीकडे, मग खालच्या ओळीत उजवीकडून डावीकडे. मध्ये एक अर्धी खाच रिकामी राहिली तरी पुढचे बोर्ड दिसत नाहीत. तिथे एम९०४७ ग्रँट कार्ड लावा. सगळे ठीक असेल तर टर्मिनलवर ७, ६, ५, ४, ३ असे आकडे उतरतात आणि >>> येते. आकडा जिथे थांबेल तिथून शोध सुरू.

सॉफ्टवेअरबाबत स्पष्ट असू द्या: व्हीएमएस या व्हॅक्सच्या मूळ ऑपरेटिंग सिस्टिमचा, एचपीई कंपनी देत असे तो हौशी परवाना २०२१ अखेर संपला. नेटबीएसडी ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम मात्र व्हॅक्सवर आजही चालते.

मेनफ्रेम

तीन फेजची वीज, उचललेली जमीन, वातानुकूलन आणि टनांतले वजन. घरात हे जमत नाही, आणि अर्धवट उचलून आणलेली मेनफ्रेम एका पावसाळ्यात खरोखरच भंगार होते. तिच्याऐवजी आयबीएम १४०१ च्या काळातली कार्डे, नियमावल्या, नऊ ट्रॅकच्या टेप, ईसीआयएल या सरकारी कंपनीच्या टीडीसी-३१६ किंवा पुण्याच्या आयसीआयएम कंपनीच्या यंत्रांचे बोर्ड आणि छायाचित्रे जमवा. आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला. त्या आधीच्या भारतीय कार्यालयांतले कागद आज यंत्रांहून दुर्मीळ आहेत. चालवून पाहायचे असेल तर साध्या पीसीवर हर्क्युलिस या एम्युलेटरमध्ये आयबीएमची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम एमव्हीएस ३.८जे चालते. जागाच नसेल तर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरचा नकली पीडीपी-११ म्हणजे पायडीपी-११ हाही प्रामाणिक पर्याय आहे. खटके आणि दिवे खरे, गंजायला काही नाही.

नोंदवही आणि घाट

यंत्र कोणतेही असो, एकही बोर्ड काढण्याआधी बॅकप्लेनचा नकाशा कागदावर काढा: कोणत्या खाचेत काय, कोणत्या बाजूला तोंड. प्रत्येक बोर्डाचा हँडलवरचा एम किंवा जी क्रमांक, त्यावर ठोकलेले सुधारणेचे अक्षर, जंपर आणि स्विचची स्थिती, दोन्ही बाजूंचे फोटो आणि रॉमची प्रत एवढे नोंदवा. क्रमांक बोर्डावर डिंकाच्या कागदाने चिकटवू नका, कसर आधी डिंक खाते. पॉलिएस्टरची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा. नियमावली हवी असेल तर बिटसेव्हर्सवर (जुन्या कॉम्प्युटरच्या कागदपत्रांचे संकेतस्थळ) डेकची बहुतेक आहे.

समुद्राकाठच्या गोदामातून आलेला बोर्ड आधी डिस्टिल्ड पाण्याने धुवा. मीठ अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे नुसते आयसोप्रोपिल मारून ते फक्त पसरते. पाण्यानंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल, मग सावलीत पंख्याखाली दोन दिवस. सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर घासू नका, मुलामा जातो.

खरेदी नोव्हेंबर ते एप्रिल या काळातच करा, म्हणजे आगोटीच्या आधी सफाई आणि डबाबंदी दोन्ही होतात. घाट उतरण्याआधी आरएल०२ मधले कार्ट्रिज काढून हेडचे कुलूप घट्ट करा, बोर्ड वेगळ्या खोक्यात घ्या आणि पेटी टेम्पोत उभी न ठेवता आडवी बांधा. घरी आल्यावर पॅकिंग न उघडता यंत्र चोवीस तास कोरड्या खोलीत ठेवा, मग उघडून आठवडाभर तसेच राहू द्या. त्यानंतरच पहिला स्विच.